शब्द पाळणारी माणसे : सोलापुरातील आयुर्विमा कर्मचाऱ्यांची सत्तर वर्षांची जडणघडण

भारतीय आयुर्विमा महामंडळाची स्थापना १ सप्टेंबर १९५६ रोजी झाली. त्या घटनेला सत्तर वर्षे पूर्ण होत असताना महामंडळाचा इतिहास व्यवसायाच्या आकड्यांत सांगता येईल आणि तो अभिमानास्पदही आहे. या लेखात मात्र सोलापूरच्या कचेऱ्यांतून काम केलेल्या माणसांचा इतिहास मांडायचा आहे. ही माणसे काम कशी शिकली, त्यांना कोणी शिकवले आणि अडीअडचणीला त्यांच्या पाठीशी कोण उभे राहिले, याची नोंद व्हायला हवी.

विम्याच्या व्यवहारात हप्ता आज घेतला जातो आणि देणे वीस-पंचवीस वर्षांनी येते, कधी अवचित पुढच्याच महिन्यात येते. ज्या कारकुनाने प्रस्ताव तपासला, तो पॉलिसीची मुदत भरेपर्यंत बहुधा सेवानिवृत्त झालेला असतो. त्याने दिलेला शब्द पाळायची जबाबदारी अशा कर्मचाऱ्यावर येते, ज्याने त्या ग्राहकाला पूर्वी कधी पाहिलेलेही नसते. म्हणून या संस्थेत एका पिढीने दुसरीला शिकवणे हे रोजच्या कामाचेच अंग आहे. ती साखळी सोलापुरात कशी जोडली गेली, ते दशकांच्या क्रमाने पाहू.

१९५६ ते १९६५ : अनेक घरची माणसे, एक नवे घर

१९ जानेवारी १९५६ रोजी केंद्र सरकारने अध्यादेश काढून आयुर्विम्याचा कारभार ताब्यात घेतला. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून हा निर्णय देशाला सांगितला. पुढे मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले, त्यामुळे त्यांच्या कारकिर्दीत आखलेली ही संस्था प्रत्यक्ष सुरू झाली तेव्हा ते त्या पदावर नव्हते. १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट संस्था, अशा २४५ संस्था एकत्र येऊन महामंडळ उभे राहिले. ५ झोनल कार्यालये, ३३ विभागीय कार्यालये आणि २१२ शाखा एवढा तेव्हाचा पसारा होता.

आपल्या भागाला विमा नवा नव्हता. अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ मध्ये साताऱ्यात वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली होती. दक्षिण महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाला विम्याची ओळख करून देण्यात अशा देशी कंपन्यांचा मोठा वाटा होता. राष्ट्रीयीकरणाबरोबर या कंपन्यांची माणसे एका छताखाली आली. प्रत्येकाची लिहिण्याची रीत वेगळी, फॉर्म वेगळे, हिशेबाच्या वह्या वेगळ्या. या सर्वांना एकाच पद्धतीची सवय लावणे हे महामंडळाचे पहिले मोठे प्रशिक्षण होते, आणि ते वर्गापेक्षा टेबलावरच अधिक झाले. जुन्या कंपनीत मुरलेला हेडक्लार्क स्वतः नवी पद्धत शिके आणि लगेच शेजारच्याला शिकवी.

१९५५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या विमा शिक्षणसंस्थेच्या, म्हणजे आजच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाच्या परीक्षांचा याच काळात आधार मिळाला. लायसन्शिएट, असोसिएटशिप आणि फेलोशिप या तीन पायऱ्या पुढे कर्मचाऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या चढत राहिल्या. मॅट्रिक होऊन नोकरीला लागलेल्या माणसालाही या परीक्षांनी अभ्यासाची वाट मोकळी ठेवली.

सोलापूरचे वेगळेपण पहिल्या दिवसापासून जाणवले. हे गिरणगाव. पूर्व भागात तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, शहरात मराठीबरोबर उर्दू. प्रस्तावाच्या अर्जावर अंगठा असेल किंवा सही अर्जाच्या भाषेहून वेगळ्या भाषेत असेल, तर अर्जातले प्रश्न त्या माणसाला त्याच्या भाषेत समजावून सांगितले, असे प्रतिज्ञापत्र लागते. सोलापुरात हे कलम रोजच्या वापराचे होते. अर्जदाराला सगळे खरोखर कळले आहे याची खात्री झाल्याशिवाय त्या मजकुराखाली सही करायची नाही, हा पहिला धडा नव्या विकास अधिकाऱ्याला आणि एजंटाला इथे मिळाला.

१९६६ ते १९७५ : लेजर, डॉकेट आणि पगार बचत योजना

नव्या व्यवसायाने १९६९-७० मध्ये देशभरात १,००० कोटींचा टप्पा ओलांडला. १९५७ मध्ये तो सुमारे २०० कोटी होता. या वाढीचा भार कागदावर पडला. प्रत्येक पॉलिसीचे एक डॉकेट. त्यात प्रस्ताव, वयाचा पुरावा, डॉक्टरांचा अहवाल, वारसनोंद. रेकॉर्ड विभागातल्या माणसाला हजारो डॉकेटांतून हवे ते नेमके काढता येई. त्याचे हे ज्ञान कोणत्याही नियमपुस्तकात नव्हते. नवीन आलेल्या असिस्टंटला पहिले काही दिवस याच विभागात बसवण्याची पद्धत होती, आणि ती शहाणपणाची होती. एक डॉकेट पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले की पॉलिसीचा सारा प्रवास समजतो.

सोलापुरातील कर्मचाऱ्यांची खरी शाळा मात्र पगार बचत योजना. रेल्वे, जिल्हा परिषदेचे शिक्षक, पोलीस, नगरपालिका, गिरण्या, अशा ठिकाणच्या नोकरदारांचा हप्ता पगारातून कापून एकत्र येई. दरमहा मागणीयादी पाठवायची आणि आलेल्या रकमेचा तपशील तिच्याशी जुळवायचा. ऐकायला सोपे वाटते. पण कोणाची बदली झालेली, कोणी बिनपगारी रजेवर, कोणाचे नाव दुसऱ्या कार्यालयाच्या यादीत गेलेले. पट्टी एकेका ओळीवर सरकवत, निळ्या-लाल पेन्सिलीने खुणा करत असिस्टंट यादी तपासे. एखादा हप्ता सुटला की ‘गॅप’ पडे. वेळीच हाती न लागलेली गॅप पुढे क्लेमच्या वेळी वर येई आणि वारसाच्या हाती पडणारी रक्कम तेवढ्याने अडे. ‘आज सोडलेली ओळ उद्या कोणाच्या तरी घरात सापडते,’ हे वडीलधाऱ्यांचे सांगणे नव्या मुलांना टेबलावरच पटे.

१९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळला आणि सोलापूरसारख्या अवर्षणग्रस्त जिल्ह्याला त्याची झळ फार बसली. दुष्काळी कामावर जाणाऱ्या घरात हप्ता भरणे कसे जमावे? अशा काळात बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू कशी होते, पेडअप म्हणजे काय, पॉलिसीवर कर्ज कितपत मिळते, हे गावोगाव समजावून सांगणे विकास अधिकाऱ्यांच्या आणि एजंटांच्या कामाचा मोठा भाग होता. विक्रीची कला प्रत्येकाला थोडीफार येते. संकटात आलेल्या माणसाला पॉलिसी टिकवायला मदत करणे शिकावे लागते.

१९७६ ते १९८५ : शाखा सक्षम झाल्या

ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी महामंडळाची पुनर्रचना झाली. पूर्वी कर्ज, सरेंडर, दावे यांसारख्या सेवा विभागीय कार्यालयात एकवटलेल्या असत. त्या आता शाखांकडे आल्या, आणि शाखा स्वतंत्र हिशेबी घटक बनल्या. परिणाम झपाट्याने दिसला. १,००० कोटींवरून २,००० कोटींवर जायला दहा वर्षे लागली होती. १९८५-८६ पर्यंत नवा व्यवसाय ७,००० कोटींच्या पुढे गेला.

या बदलाची दुसरी बाजू कर्मचाऱ्यांनी पेलली. तोवर नवीन व्यवसाय आणि हप्तावसुली एवढेच पाहणाऱ्या शाखेतल्या माणसांना पॉलिसी सेवा, दावे आणि लेखा हे विभाग अंगावर घ्यावे लागले. प्रशिक्षण केंद्रांत आठवडाभर जाऊन आलेला सहकारी परत आल्यावर इतरांना शिकवी. दुपारच्या डब्यानंतर टेबलाभोवती बसून परिपत्रक वाचायचे, एखादे खरे डॉकेट समोर ठेवून कर्जाची रक्कम काढायची, शंका असेल तर विभागीय कार्यालयाला पत्र टाकायचे, असा हा अभ्यास चाले. १९८० मध्ये राष्ट्रीय विमा अकादमी स्थापन झाली. पुढे ती पुण्यात आल्याने अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे एक मोठे केंद्र सोलापूरपासून एका रात्रीच्या प्रवासावर आले.

कार्यालयांत महिलांची संख्या याच सुमारास वाढू लागली. घर, सासर, लहान मुले आणि नोकरी सांभाळून त्यांनी परीक्षा दिल्या, बढत्या घेतल्या. विडी वळणाऱ्या किंवा घरी मागावर बसणाऱ्या बाईला काउंटरवर बाई दिसली की बोलायला धीर येतो, हे सोलापूरने लवकर ओळखले.

१९८६ ते १९९५ : परीक्षेचे दशक

जुनी पंचकार्ड यंत्रे मागे पडून शाखांत मायक्रोप्रोसेसर आले. संगणकाविषयी देशभरातल्या कर्मचाऱ्यांच्या मनात शंका होत्या. त्यांवर चर्चा झाली, संघटनांनी आपले म्हणणे मांडले आणि मार्ग निघाला. नव्या यंत्रावर काम करायला मग सर्वजण मनापासून पुढे आले. कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी पगारवाढीबरोबर कामाची शिस्त, परीक्षांचे मार्गदर्शन आणि अडचणीतल्या सहकाऱ्याला मदत या बाबतींतही भरीव काम केले, याची कृतज्ञ नोंद इथे करायला हवी.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे कोसळली. सोलापूर हे जवळचे मोठे शहर म्हणून जखमींना इथल्या रुग्णालयांत आणले गेले. अशी आपत्ती विम्याच्या कामाची परीक्षा पाहते. घर गाडले जाते तेव्हा पॉलिसीचा कागदही त्यात जातो, आणि पुष्कळदा वारसही. कागद हरवला म्हणून देणे बुडत नाही. नोंदी शोधून, हमीपत्र घेऊन दावा देता येतो, हे पक्के माहीत असलेला कर्मचारी त्या वेळी मोलाचा ठरतो. शांततेच्या दिवसांत शिकलेला नियम अशा दिवसांत एखाद्या कुटुंबाला सावरतो.

नव्वदच्या दशकात सोलापूरच्या कापडगिरण्यांचा अस्त झाला. गिरणी बंद म्हणजे पगार बंद, आणि पगारातून होणारी कपातही बंद. वर्षानुवर्षे हप्ता न चुकवलेला कामगार गिरणीचा पास घेऊन काउंटरवर येई आणि विचारी, ‘साहेब, माझ्या पॉलिसीचं आता काय?’ हप्ता थेट भरण्याची सोय, कमी झालेल्या रकमेची पेडअप पॉलिसी, सरेंडर केल्यास होणारा तोटा, हे सारे त्याला घाई न करता सांगावे लागे. आकडे बरोबर काढणे जितके गरजेचे, तितकेच त्याचे बोलणे पुरते ऐकून घेणेही. शिकवणाऱ्या ज्येष्ठांनी हे दुसरे काम स्वतःच्या वागण्यातून शिकवले.

१९९५ मध्ये कर्मचाऱ्यांसाठी निवृत्तिवेतनाचे नियम आले. आयुष्यभर इतरांच्या म्हातारपणाची तरतूद लिहिणाऱ्यांच्या स्वतःच्या म्हातारपणाला त्यामुळे आधार मिळाला. गृहकर्ज, समूह आरोग्यविमा, सेवेत असताना दगावलेल्या सहकाऱ्याच्या कुटुंबाला हात, या सर्वांमुळे कार्यालय हे मोठे कुटुंब वाटे.

१९९६ ते २००५ : पडद्यावरची पॉलिसी आणि नवे स्पर्धक

जुलै १९९५ मध्ये सुरू झालेल्या ऑनलाइन सेवेच्या मोहिमेतून ‘फ्रंट एंड’ पॅकेज शाखाशाखांत पोहोचले. हप्ता भरला की पावती लगेच हातात. पॉलिसीची स्थिती पडद्यावर. पन्नाशीच्या पुढच्या कर्मचाऱ्यांना कीबोर्ड नवा होता आणि पंचविशीतल्यांना विमा नवा. दोघांनी एकमेकांना शिकवले. वयाने मोठ्या सहकाऱ्याने सरेंडर व्हॅल्यू हाताने काढून दाखवायची आणि तरुणाने ती यंत्रावर पडताळायची, यातून दोघांचाही विषय पक्का झाला. यंत्राने दिलेला आकडा का आला हे सांगता येणारा कर्मचारी त्यातून तयार झाला.

विमा नियामक प्राधिकरण एप्रिल २००० पासून काम करू लागले आणि त्याच वर्षी खासगी कंपन्यांना परवाने मिळाले. एजंट होण्यासाठी १०० तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षा बंधनकारक झाली. हे तास पुढे कमी झाले. बार्शी, पंढरपूर, मंगळवेढा, अक्कलकोट भागातून आलेल्या मुलामुलींसाठी ही परीक्षा मोठी पायरी होती. विकास अधिकाऱ्यांनी त्यांना पुस्तके दिली, मराठीतून समजावले, पहिल्या काही भेटींना सोबत नेले. स्पर्धेच्या काळात ग्राहक टिकले, त्याचे श्रेय या एजंटांना आणि त्यांना घडवणाऱ्यांना आहे.

१० ऑगस्ट २००० रोजी जनश्री विमा योजना सुरू झाली. विडी कामगार, विणकर आणि यंत्रमाग कामगार अशा घटकांना त्यात स्थान असल्याने ही योजना सोलापूरच्या मातीतलीच वाटावी. तिला जोडून आलेल्या शिक्षा सहयोग योजनेत सभासदाच्या नववी ते बारावीतल्या मुलांना दरमहा १०० रुपयांची शिष्यवृत्ती मिळे. हातमाग विणकरांसाठीच्या महात्मा गांधी बुनकर विमा योजनेचे कामही महामंडळाकडे आले. हजारो नावांच्या याद्या, कमी रकमा आणि फार गरजू माणसे, असे हे काम होते. त्याने कर्मचाऱ्यांना विम्याचा मूळ हेतू पुन्हा जवळून दाखवला.

२००६ ते २०१५ : नावातला फरक

कुंभारीजवळ विडी कामगार महिलांची १०,००० घरांची कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहत २००६ मध्ये त्यांच्या हाती आली. २ ऑक्टोबर २००७ रोजी आम आदमी विमा योजना सुरू झाली. तिच्यात नैसर्गिक मृत्यूला ३०,००० आणि अपघाती मृत्यूला ७५,००० रुपये मिळत. शहरी कचेरीत बसलेल्याला ही रक्कम लहान वाटेल, पण रोज विड्या वळून घर चालवणाऱ्या बाईसाठी ती मुलांची शाळा चालू राहण्याची हमी होती.

अशा दाव्यांत सोलापुरात हमखास येणारी अडचण म्हणजे नाव. रेशनकार्डावर एक, मृत्यूच्या दाखल्यावर दुसरे, बँकेच्या पासबुकावर तिसरे. माहेरचे तेलुगू नाव, सासरी बदललेले नाव, मराठी कारकुनाने ऐकून लिहिलेले आडनाव. ‘अक्का, ही दोन्ही तुम्हीच ना? मग हे एकाच ठिकाणी लिहून देऊ या,’ असे म्हणत प्रतिज्ञापत्राचा मजकूर तयार करून देणारा, कोणता कागद कुठून आणायचा ते चिठ्ठीवर लिहून देणारा कर्मचारी ही आपल्या कार्यालयांची ओळख बनली. दाव्याचा ३७८३ क्रमांकाचा अर्ज घेऊन आलेल्या माणसाला एकाच खेपेत सर्व त्रुटी सांगायच्या, तीन खेपा घालायला लावायच्या नाहीत, हा शिरस्ता ज्येष्ठांनी घालून दिला. नव्या भरतीतल्या मुलामुलींनी तो उचलला.

डॉकेटे स्कॅन होऊन संगणकावर गेली. रेकॉर्ड विभागाच्या मांडण्या रिकाम्या होऊ लागल्या. अनेक वर्षे तिथे काम केलेल्या मंडळींनी स्कॅनिंगच्या वेळी कोणते पान कोणत्या क्रमाने ठेवायचे हे शिकवले, आणि त्यांचे ज्ञान नव्या व्यवस्थेत उतरले. २०१३ च्या कायद्यानुसार महिलांच्या सुरक्षिततेसाठी अंतर्गत समित्यांची व्यवस्था आली. मे २०१५ मध्ये प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना सुरू झाली आणि बँक खात्यातून हप्ता कापून २ लाखांचे संरक्षण देण्याच्या या योजनेने बँक कर्मचारी आणि विमा कर्मचारी जवळ आले.

२०१६ ते आज : साखळी पुढे

कोविडच्या काळात आपल्या सहकाऱ्यांनी फार सोसले. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महामंडळाने मृत्यूदाव्यांसाठी पालिकेच्या दाखल्याऐवजी रुग्णालयाचे काही पर्यायी कागद स्वीकारण्याची सवलत दिली. नियम एका रात्रीत बदलत होते, आणि फोनवरून, व्हॉट्सअॅप गटांवरून कर्मचारी ते एकमेकांना समजावत होते. कोणाच्या घरी आजारपण असेल तर त्याचे टेबल दुसऱ्याने सांभाळले. त्या काळात गमावलेल्या सर्व सहकाऱ्यांना आणि एजंटांना हा लेख आदरांजली वाहतो.

१० मे २०२१ पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. १७ मे २०२२ रोजी महामंडळाच्या समभागांची शेअर बाजारात नोंदणी झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा हप्त्यांवरील जीएसटी माफ झाला. यांतल्या प्रत्येक बदलाबरोबर काउंटरवरचे प्रश्न बदलले आणि कर्मचाऱ्यांना पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले. आज बरेचसे प्रशिक्षण पडद्यावरून होते. ते सोयीचे आहे, वेळ आणि प्रवास वाचवणारे आहे. त्याला जोडून शेजारच्या टेबलाची शाळाही चालू राहिली पाहिजे.

९ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झालेली विमा सखी योजना या इतिहासातली सर्वांत ताजी पायरी आहे. दहावी उत्तीर्ण, १८ ते ७० वयाच्या महिलांना त्यात प्रशिक्षण मिळते. ठरलेले काम पूर्ण करणाऱ्या सखीला पहिल्या वर्षी दरमहा ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,००० आणि तिसऱ्या वर्षी ५,००० रुपये विद्यावेतन आहे. शिकण्याच्या काळात हाताशी ठरावीक रक्कम असावी, हा विचार मोलाचा आहे. पूर्वी अनेक होतकरू एजंट पहिल्या वर्षीच्या तुटपुंज्या उत्पन्नामुळे काम सोडून जात. तेलुगू, कन्नड, उर्दू किंवा मराठी बोलणारी सखी आपल्याच वस्तीत विमा समजावून सांगेल, तेव्हा १९५६ मधले ते प्रतिज्ञापत्र खऱ्या अर्थाने पाळले जाईल.

ऋणनिर्देश आणि पुढचे काम

सत्तर वर्षांच्या या वाटचालीचे श्रेय कोणा एकाचे नाही. कंपन्यांच्या काळातून आलेले हेडक्लार्क, लेजर लिहिणारे असिस्टंट, डॉकेट शोधणारे रेकॉर्ड क्लार्क, टपाल पोहोचवणारे शिपाई, उन्हातान्हात गावे पालथी घालणारे विकास अधिकारी आणि एजंट, शाखाधिकारी, प्रशिक्षक, संघटनांचे कार्यकर्ते आणि या सर्वांची घरची माणसे, सर्वांचा त्यात वाटा आहे. अनेकांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. त्यांनी शिकवलेले आजही टेबलाटेबलावर वापरात आहे.

येत्या काही वर्षांत अनुभवी कर्मचाऱ्यांची मोठी पिढी निवृत्त होईल. म्हणून एक विनंती. नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाला काही दिवस दाव्यांच्या टेबलावर एखाद्या ज्येष्ठाशेजारी बसवावे आणि वारसाला समोर बसवून दावा कसा पुरा करतात ते पाहू द्यावे. निवृत्त सहकाऱ्यांनी त्यासाठी महिन्यातून एखादा दिवस द्यावा. बोलावणे आले तर आपल्यातले कितीतरी जण आनंदाने येतील. आज सोलापुरात लिहिली जाणारी पॉलिसी २०५० च्या सुमारास मुदतीला येईल. तेव्हा काउंटरवर असणारा कर्मचारी आज शाळेत आहे किंवा अजून जन्मलाही नाही. त्याला शिकवणारी माणसे आजच तयार करणे, हेच या वर्धापनदिनाचे खरे काम आहे.